टाकीचं पाणी हिरवं पडलं तर: द्राक्षपट्ट्यातल्या घरांसाठी

शेवाळ डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागतं. सकाळी पोहायच्या टाकीच्या दुसऱ्या पायरीवर, पाण्याच्या रेषेखाली वीतभर, तळहात फिरवून बघा. फरशी खरखरीत लागली तर ठीक. साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागली, तर पाणी वरून कितीही निळंशार दिसो, दोन-तीन दिवसांत ते हिरवं पडणार.

आमची पोहायची टाकी तासगाव तालुक्यात, बागेच्या कडेला आहे. २० फूट लांब, १० फूट रुंद, एका अंगाला ३ आणि दुसऱ्या अंगाला ५ फूट खोल. पहिल्याच उन्हाळ्यात, कॅनॉलचं आवर्तन संपलं त्या आठवड्यात पाणी हिरवं झालं. दाजी म्हणाले, "सोडून द्या पाणी. घासून घ्या, नवीन भरा. एका दिवसाचं काम आहे." आम्ही तसंच केलं. भरायला बारा-बारा हजार लिटरचे दोन टँकर विकत आणले आणि दहाव्या दिवशी पाणी पुन्हा हिरवं. दोष पाण्यात नव्हताच. पाण्यातला क्लोरीन दुपारपर्यंत संपत होता आणि आम्ही तो मोजत नव्हतो.

तेव्हा नवीन टाकी बांधलेल्या प्रत्येकाला पहिली विनंती: हिरवं पाणी सोडून देऊ नका. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी येतं तेव्हा येतं. ज्या तालुक्यात माणसं बागा जगवायला टँकर लावतात तिथे बावीस हजार लिटर पाणी ओढ्याला सोडणं मनाला पटत नाही. दुसरं कारण टाकीच्या जिवाशी आहे. पावसाळ्यात काळी जमीन पाणी पिऊन फुगते, जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून वाढतो. टाकी भरलेली असेल तर आतलं वजन तो दाब पेलतं. रिकामी असेल तर तळ उचलला जातो, भिंतीला तडे जातात. हिरवं पाणी चार-पाच दिवसांत आहे त्याच टाकीत निवळतं.

शेवाळ येतं कुठून

वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पोरांच्या पायांना लागून. ते अडवता येत नाही. टाकीत ते कायम थोडंफार असतंच. त्याला वाढू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे. वाढायला त्याला ऊन, ऊब आणि खाणं लागतं. ऊन आणि ऊब एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे भरपूर. खाणं मात्र आपण स्वतः देतो, आणि बागायतदाराच्या घरी तर जास्तच. १२:६१:०, ०:५२:३४ ही ड्रिपमधून सोडायची खतं म्हणजे मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस). त्याची बादली टाकीच्या काठावर धुतली, रिकामी पिशवी तिथेच झटकली, तर शेवाळाला मेजवानी. खताची टाकी आणि व्हेंच्युरी (ड्रिपमध्ये खत ओढणारी नळी) पोहायच्या टाकीपासून लांब ठेवा. टाकीचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर असू द्या, म्हणजे वळवाच्या पावसात बागेतलं पाणी आत वाहणार नाही. बागेत फवारणीचा ब्लोअर चालू असेल त्या दिवशी टाकीवर ताडपत्री ओढा. फवाऱ्याचे तुषार पोरांच्या पाण्यात पडू नयेत यासाठीसुद्धा.

आणखी एक चूक आपल्याच लोकांकडून होते. पाण्याचा पीएच उतरवायला घरात फॉस्फरिक ॲसिडचा कॅन असतो, तोच टाकीत ओततात. पीएच उतरतो, पण स्फुरद वाढतं. टाकीला हायड्रोक्लोरिक ॲसिडच वापरा.

हिशेब पीपीएमचा

द्राक्षवाल्याला पीपीएम (दहा लाखांत एक भाग) शिकवायला लागत नाही. जीए (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षावर वापरायचं संजीवक) १० पीपीएम म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम, हे आपल्याकडे पोरंही सांगतात. टाकीचा हिशेब तोच: १,००० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम.

आधी टाकीत पाणी किती ते काढा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत घेऊन गुणाकार करा, आलेल्या घनफुटांना २८.३ ने गुणा. आमचं उदाहरण: २० गुणिले १० गुणिले ४ म्हणजे ८०० घनफूट, म्हणजे सुमारे साडेबावीस हजार लिटर. या टाकीत क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला शुद्ध क्लोरीन साडेबावीस ग्रॅम लागतो. बाजारात शुद्ध क्लोरीन मिळत नाही, म्हणून मालाच्या टक्क्याने भागायचं. १० टक्क्यांचं पातळ हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) घेतलं तर सव्वादोनशे मिली, ६५ टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपो ३५ ग्रॅम, टीसीसीए ९० (ट्रायक्लोरो, गोळ्यांतलं ९० टक्क्यांचं क्लोरीन) असेल तर २५ ग्रॅम. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर ताजी असताना ३३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ७० ग्रॅम लागेल. पण फुटलेल्या पिशवीतल्या, ओल लागलेल्या पावडरीत दम राहत नाही, आणि तिच्यातला चुना तळाशी बसतो. वापरायचीच असेल तर बादलीत कालवून तासभर ठेवा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घाला.

यातलं काय वापरावं? माझं मत स्पष्ट आहे: रोजच्यासाठी पातळ हायपो. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, त्यात कॅल्शियम हायपोने आणखी कॅल्शियम पडतं आणि फरशीवर पांढरा थर चढतो. टीसीसीएच्या गोळ्या सोयीच्या, आठ दिवस गावाला जाताना ठीक. पण त्यांची एक गोम आहे, ती पुढे येईल. पातळ हायपो उन्हात आणि उकाड्यात महिन्याभरात कमजोर होतं, म्हणून थोडं-थोडं आणा आणि सावलीत ठेवा.

ऊन क्लोरीन खातं

उघड्या टाकीतला क्लोरीन भर उन्हात तासाभरात निम्म्याच्या खाली येऊ शकतो. सकाळी घातलेला दुपारी संपलेला असतो, आणि चार वाजता पोरं पाण्यात उतरतात तेव्हा पाण्यात काहीच नसतं. आमच्या पहिल्या उन्हाळ्याचं सगळं दुखणं हेच होतं.

यावर इलाज दोन. क्लोरीन संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर घाला. आणि पाण्यात स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड ३० ते ५० पीपीएम ठेवा. ते क्लोरीनवर छत्री धरतं. आमच्या टाकीला ३० पीपीएमसाठी सुमारे पावणेसातशे ग्रॅम लागलं. ते पटकन विरघळत नाही. जुन्या पायमोज्यात भरून, गाठ मारून, फिल्टरमधून पाणी परत येतं त्या तोंडासमोर लटकवून ठेवा आणि मधूनमधून दाबत राहा. दोन-तीन दिवसांत संपतं.

आता ती गोम. टीसीसीएच्या गोळीतच स्टॅबिलायझर असतं. गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिला की त्याबरोबर ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात जातं. क्लोरीन उडून जातो, स्टॅबिलायझर उडत नाही. रोज २ पीपीएमच्या हिशेबाने गोळ्या टाकल्या तर महिन्याला ३६ पीपीएम साठतं, तीन महिन्यांत शंभरी पार. मग छत्री इतकी जाड होते की क्लोरीन मोजायला भरपूर दिसतो पण शेवाळ मरत नाही. लोक म्हणतात, "औषध घालून घालून थकलो, फरक नाही." अशा वेळी मात्र थोडं पाणी बदलावंच लागतं, पाणी काढायचा सल्ला मी देतो तो एवढ्या एका ठिकाणी, आणि तेव्हाही निम्म्याहून जास्त नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

लक्षात ठेवायचा आकडा असा: रोजचा मोकळा (घाणीशी बांधला न गेलेला) क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी हवा. स्टॅबिलायझर ३० असेल तर सव्वादोन, ५० असेल तर पावणेचार. याच्या खाली एक दिवससुद्धा जाऊ द्यायचं नाही.

मोजायचं कसं

दोन नळ्यांचं साधं टेस्ट किट मिळतं. एका नळीत पिवळा रंग येतो तो क्लोरीनचा, दुसरीत लाल-गुलाबी येतो तो पीएचचा. गावात पाणीपुरवठ्याचा माणूस नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, ही पिवळी नळी म्हणजे तीच. तिच्यात एक उणीव आहे: ती एकूण क्लोरीन दाखवते, घाम आणि घाणीशी बांधला गेलेला क्लोरीनही त्यात मोजला जातो. मोकळा क्लोरीन वेगळा हवा असेल तर डीपीडी गोळ्यांचं किट घ्या, ते गुलाबी रंग देतं. चार पैसे जास्त लागतात, पण हिरव्या पाण्याशी झुंजताना त्याच्याशिवाय अंधारात चाचपडल्यासारखं होतं.

पाणी वरवरचं घेऊ नका. कोपरापर्यंत हात घालून, पाणी परत येतं त्या तोंडापासून लांबचं घ्या. रंग सावलीत, पांढऱ्या कागदासमोर धरून बघा.

पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवा. ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग मारक रूपात असतो, ८ ला तो पाव भागाच्या आसपास येतो. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे पीएच आपोआप चढत राहतो. आठवड्याला दोनदा तरी बघा. उतरवायचा असेल तर आमच्या टाकीला एका वेळी २०० मिलीच्या वर ॲसिड घालत नाही: बादलीभर पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, मग पंप चालू ठेवून ते खोल अंगाला पसरून सोडायचं आणि चार तासांनी पुन्हा मोजायचं.

रोजचं काम

दहा मिनिटांचं आहे. संध्याकाळी क्लोरीन मोजा, कमी असेल तेवढा घाला. जाळीने पानं काढा. कडुलिंबाचा मोहोर पडतो त्या दिवसांत दिवसातून दोनदा. पंप रोज इतका चालवा की सगळं पाणी एकदा तरी फिल्टरमधून जाईल. घरगुती टाक्यांना साधारण सहा ते आठ तास लागतात. हा पंप शेतीच्या कनेक्शनवर टाकू नका. तिथे वीज पाळीने येते, कधी रात्री कधी दिवसा, आणि टाकीला दिवसाचं फिरणं जास्त गरजेचं. घरच्या सिंगल फेजवर घ्या, अर्थिंग नीट करा आणि आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. ओल्या अंगाने पोरं तिथेच वावरतात.

आठवड्यातून एकदा ब्रश. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची बाजू, दिव्याच्या खाचा, जिथे पाणी फिरत नाही तो कोपरा. शेवाळ तिथूनच सुरू होतं. फिल्टरवरच्या दाबाच्या काट्याचा स्वच्छ वेळचा आकडा खडूने लिहून ठेवा. तो ८ ते १० पीएसआयने वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा.

बागेतून आलेल्या पोरांना आधी नळाखाली उभं करा. चिखलाचे पाय आणि घामाचं अंग यातच निम्मा क्लोरीन संपतो.

हिरवं पडलंच तर

आधी ओळख पटवा. पांढऱ्या बादलीत पाणी घ्या. गढूळ हिरवं, तळ पुसट, तर शेवाळ. पण काचेसारखं स्वच्छ आणि तरी हिरवट किंवा चहासारखं तांबूस असेल, तर ते धातूचं काम: बोअरमधलं लोह किंवा कुठून तरी आलेलं तांबं. बोअरचं पाणी भरलं, क्लोरीन घातला आणि तासात रंग बदलला, तर लोहच. त्याला क्लोरीन वाढवून उपयोग नाही. सावलीच्या भिंतीवर पिवळसर धूळ बसलेली दिसली, ब्रशने उडाली आणि दोन दिवसांत त्याच जागी परत आली, तर ते पिवळं शेवाळ. त्याला हिरव्यापेक्षा जास्त मात्रा आणि जास्त दिवस लागतात. फरशीच्या सांध्यांत काळे ठिपके घट्ट बसले असतील तर ते सगळ्यात चिवट. सिमेंट-फरशीच्या टाकीत ते तारेच्या ब्रशने आधी खरवडावे लागतात, नाहीतर वरच्या थराखाली क्लोरीन पोचतच नाही.

मग पोरांना बाहेर ठेवा आणि टाकीकडे जायची वाट बंद करा. हे मी कळकळीने सांगतो. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही. तळावरची फट, नाणं, काहीही लहान वस्तू स्पष्ट दिसेपर्यंत कुणीही उतरायचं नाही, मोठ्यांनीही नाही.

पानं-काडी जाळीने काढा. पीएच ७.२ वर आणा, आणि हे क्लोरीन वाढवायच्या आधी करा. क्लोरीन खूप असताना पीएचची नळी खोटं दाखवते. सगळी टाकी ब्रशने घासा. शेवाळाभोवती बुळबुळीत कवच असतं, ते फुटल्याशिवाय औषध आत जात नाही.

संध्याकाळी मोठी मात्रा. किती? स्टॅबिलायझरच्या ४० टक्के. आमच्याकडे ३० होतं, म्हणून १२ पीपीएम, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो पावणेतीन लिटर. पंप चालू ठेवून काठाकाठाने सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर ३. बरेच लोक इथेच थांबतात, "घातलं की काल" म्हणून. शेवाळाने रात्रीत क्लोरीन खाल्लेला असतो आणि उरलेलं शेवाळ पुन्हा वाढायला मोकळं होतं. खरं औषध म्हणजे ती १२ ची पातळी धरून ठेवणं. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा मोजा, दर वेळी तूट भरून काढा, दिवसातून दोनदा घासा. साधं किट एवढा आकडा दाखवत नाही. एक भाग टाकीचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून मोजा, आणि आकडा पाचाने गुणा.

पंप या दिवसांत रात्रंदिवस चालू. फिल्टर मेलेल्या शेवाळाने भरतो, दिवसातून दोन-तीनदा बॅकवॉश लागेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा रंग जाऊन पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं होतं. हे चांगलं लक्षण आहे, शेवाळ मेलं. आता गाळण्याचं काम उरलं.

फिल्टरला ते झेपत नसेल, किंवा टाकीला फिल्टरच नसेल, तर घरातली तुरटी कामाला येते. हजार लिटरला ५० ग्रॅम, आमच्या टाकीला सव्वा किलोच्या आत. कुटून गरम पाण्यात विरघळवा, टाकीभर पसरा, ब्रशने हलवून मिसळा आणि रात्रभर पाणी अजिबात हलू देऊ नका. सकाळी तळावर राखाडी साय बसलेली असते, पाण्यात काठी घातली तरी उठेल अशी हलकी. ती पाइपने हळूहळू ओढून थेट बाहेर काढा, फिल्टरमधून नको. तुरटीने पीएच उतरतो, नंतर तो बघा.

संपलं कधी म्हणायचं? रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे उजाडायच्या आधी पुन्हा मोजा. ऊन नव्हतं, म्हणजे जे घटलं ते शेवाळानेच खाल्लं. घट १ पीपीएमच्या आत असेल आणि तळ स्वच्छ दिसत असेल, तर काम झालं. क्लोरीन ४ च्या खाली उतरू द्या, पीएच मोजा आणि पोरांना हाक मारा.

मोरचुदाबद्दल

प्रत्येक बागायतदाराच्या खोलीत मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पिशवी असते आणि प्रत्येक गावात एकजण सांगतोच, "मूठभर टाक, शेवाळ जातंय." जातं, हे खरं. पण बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण) जमलं का बघायला आपण द्रावणात लोखंडी विळा धरतो आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो, ते आठवा. तो थर म्हणजे मोकळं तांबं. टाकीत घातलेलं तांबंही असंच कुठेतरी बसणार. क्लोरीनसारखं ते उडून जात नाही. पीएच चढला की ते भिंतीवर निळसर-काळ्या डागांनी उतरतं, आणि पिकल्या केसांना हिरवी झाक देतं. शिवाय तांबं शेवाळ मारतं, पण पोरांच्या पोटात जाणारे जंतू मारायला क्लोरीनच लागतो. शेवाळ गेलं म्हणून पाणी स्वच्छ झालं असं समजणं धोक्याचं. तांबं असलेलं पाणी ओढ्यात किंवा शेततळ्यात गेलं तर मासे मरतात. मोरचूद बागेतच राहू द्या.

जिवाचं

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो किंवा टीसीएल कधीही एकत्र करू नका. एकाच मापाने काढू नका, एकाच बादलीत कालवू नका, एका फळीवर ठेवू नका. थोडी ओल लागली तरी पेट घेतात, स्फोट होतो. क्लोरीनचं कोणतंही औषध आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा. औषध पाण्यात घालायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. खतं आणि डिझेलच्या खोलीत हे ठेवू नका. हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं.

बॅकवॉशचं पाणी बागेत सोडू नका. द्राक्षाला क्लोराईड सोसत नाही, देठ परीक्षणात (पानाच्या देठाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत) आपण तेच बघत असतो. आम्ही ते खड्ड्यात साठवतो, दोन-तीन दिवस उन्हात ठेवून पिवळ्या नळीत रंग येत नाही याची खात्री करतो आणि बांधावरच्या नारळांना देतो. नारळाला क्लोराईड चालतं.